वाऱ्यात आरव्हीचे ऑनिंग कसे सांभाळावे?

रानवाट

नमस्कार. आमच्या मागे जोडून ओढण्याच्या आरव्हीला, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीला, हाताने उघडण्याचे, स्प्रिंगच्या रोलरचे ऑनिंग, म्हणजे बाजूच्या भिंतीवरून पुढे उलगडणारे सावलीचे कापडी छप्पर, आहे. त्याची रुंदी चार मीटर असून पूर्ण उघडल्यावर कापड अडीच मीटर पुढे येते. आम्ही एका जागी बरेच दिवस मुक्काम करतो आणि त्या काळात ऑनिंगखालची सावली हीच आमची बैठकीची खोली असते, त्यामुळे ते सतत उघडमीट करणे जिवावर येते.

अलीकडे शेजारच्या आरव्हीचे मालक फिरायला गेलेले असताना त्यांचे ऑनिंग एका झोतासरशी उचलले गेले आणि छतावर उलटे पडले. कापड तर फाटलेच, पण एका दांड्याचे ब्रॅकेट स्क्रूंसकट उपटून आले आणि भिंतीच्या पत्र्याला तळहाताएवढे भोक पडले. त्या वेळी वारा फारसा होता असेही कोणाला वाटले नव्हते. तेव्हापासून माझ्या मनात काही शंका आहेत. ऑनिंग दोर आणि मेखांनी नीट बांधले तर ते उघडे ठेवून निर्धास्त राहता येते का? मेखा कोणत्या वापराव्यात? किती वाऱ्याला ऑनिंग बंद करावे, आणि तो वारा उपकरणाशिवाय कसा ओळखावा? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

वातकुक्कुट

रानवाट, तुम्ही दिलेल्या मापांवरच हिशेब करून पाहू, कारण ‘वारा फारसा नव्हता’ हे वाक्य अशा नुकसानीनंतर हमखास ऐकू येते आणि ते बोलणारा माणूस खोटे बोलत नसतो.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ३६ किलोमीटर, अर्थात सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरला साधारण सहा किलो वजनाइतका दाब देतो. तुमचे कापड दहा चौरस मीटरचे आहे, तेव्हा वारा खालून शिरून ते पुरते फुगले तर सुमारे साठ किलोची उचल होते. झोत ताशी ५४ किलोमीटरचा असेल तर हाच आकडा १४०च्या आसपास जातो आणि ताशी ७२ किलोमीटरला तो २४० किलो ओलांडतो. कापडाचा कल आणि गाडीचा आडोसा यांमुळे प्रत्यक्षातले आकडे कमीजास्त होतील, पण वाढण्याची रीत हीच राहते. ढोबळमानाने यातला निम्मा भार भिंतीवरच्या पट्टीवर येतो आणि निम्मा पुढच्या रोलरवर, व तिथून दांड्यांमार्फत पुन्हा भिंतीवरच. शेजारच्या गाडीचे ब्रॅकेट उपटले गेले ते यामुळे.

या स्थिर भारापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे फडफड. कापड सैल पडते, पुन्हा ताणले जाते आणि दर हिसक्याला सगळ्या जोडांवर क्षणभर मोठा ताण येतो. स्क्रू एका दमात उपटले गेलेले दिसतात, पण त्याआधी कित्येक दुपारी ते थोडेथोडे सैल होत आलेले असतात.

वारा ओळखण्यासाठी फ्रान्सिस ब्यूफोर्ट यांनी १८०५ साली मांडलेली मोजपट्टी आजही उपयोगी पडते, कारण आज ती डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांशी जोडलेली आहे. धूळ आणि सुटे कागद उडू लागले आणि लहान फांद्या हलू लागल्या की वारा ताशी २० ते २८ किलोमीटर आहे असे समजावे. पानांनी भरलेली लहान झाडे संपूर्ण डोलू लागली की तो २९ ते ३८ झाला. मोठ्या फांद्या हलू लागल्या आणि छत्री धरणे अवघड झाले की ३९ ते ४९. माझ्या मते पहिल्या पायरीवर ऑनिंग खाली उतरवून त्याच्याजवळ थांबावे आणि दुसऱ्या पायरीवर ते गुंडाळलेले असावे. तिसऱ्या पायरीपर्यंत थांबणाऱ्याला गुंडाळण्याची संधी मिळेलच याची खात्री नाही.

हवामानाच्या अंदाजात दिलेला वेग हा काही मिनिटांची सरासरी असतो आणि झोत त्याच्या दीडपट किंवा त्याहूनही अधिक असू शकतो. अंदाजात झोतांचा वेग वेगळा दिलेला असेल तर तोच पाहावा. समुद्रकिनारी दुपारी वाढणारे वारे किंवा डोंगरउतारावरून रात्री खाली येणारी थंड हवा यांना काहीतरी वेळापत्रक असते, त्यामुळे दोन दिवसांच्या निरीक्षणात त्यांचा अंदाज येतो. गडगडाटी ढगाचे मात्र तसे नाही. त्यातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर पसरत पावसाच्या कितीतरी आधी आणि ढगापासून बऱ्याच अंतरावर पोहोचते. उकाड्यात वारा अचानक पडला, दिशा बदलली आणि गार झुळूक आली, तर डोक्यावर ऊन असले तरी ऑनिंग मिटायला घ्यावे.

दोरखंड

वातकुक्कुट यांच्या हिशेबाशी सहमत आहे. बांधण्याचा उपयोग निश्चित आहे, पण तो कशासाठी हे आधी ठरवायला हवे. ऑनिंग बांधायचे ते वादळात उघडे ठेवता यावे म्हणून नव्हे, तर पहिला झोत आल्यापासून आपण ते गुंडाळेपर्यंतची पाच-दहा मिनिटे निभावून जावीत म्हणून. हे डोळ्यांसमोर ठेवले की साहित्य निवडणे सोपे जाते.

रोलरच्या दोन्ही टोकांवरून पट्टा घेऊन तो जमिनीतल्या मेखेला बांधावा आणि पट्टा व मेख यांच्यामध्ये एक जाड स्प्रिंग असावी. स्प्रिंग नसेल तर झोताचा हिसका थेट मेखेला आणि दांड्यांच्या जोडांना बसतो. दोर वापरणार असाल तर थोडा ताणला जाणारा नायलॉनचा घ्यावा. ताण बेताचा ठेवावा. रोलर खाली ओढला जाऊन दांडे वाकू लागतील इतका दोर कसला, तर वाऱ्याने करायचे नुकसान आपणच करून ठेवतो.

मेख सरळ उभी ठोकू नये. तिचे डोके ऑनिंगपासून दूर झुकलेले असावे, म्हणजे दोर आणि मेख यांच्यात जवळजवळ काटकोन होतो आणि ओढ लागल्यावर मेख मातीतून सरकन निसटत नाही. दोर जमिनीशी ४५ अंशांचा कोन करत असेल तर त्यातल्या ताणापैकी सुमारे ७० टक्केच भाग उचलीच्या विरुद्ध उपयोगी पडतो, हेही लक्षात घ्यावे. जमिनीनुसार मेख बदलावी लागते. वाळूत आणि भुसभुशीत मातीत सरळ सळई काहीच धरत नाही. तिथे स्क्रूसारखे पाते असलेली, पिळून आत घालायची लांब मेख लागते. खडकाळ किंवा मुरमाड जमिनीत तीच स्क्रूची मेख आत जात नाही, तिथे भरीव पोलादी मेख घणाने ठोकावी. पाऊस पडून गेल्यावर प्रत्येक मेख हाताने हलवून पाहावी, कारण काल घट्ट बसलेली मेख ओल्या मातीत आज बोटाने डुलते.

फरसबंदीवर उभे असताना पुष्कळ जण पाण्याचे कॅन बांधतात. वीस लिटरचे दोन कॅन म्हणजे चाळीस किलो. वरच्या हिशेबाप्रमाणे ताशी ३६ किलोमीटरला रोलरकडे सुमारे तीस किलोची उचल येते, तेवढी ते कसेबसे सांभाळतील. ५४ किलोमीटरला ती सत्तर किलोच्या घरात जाते आणि दोरीला लोंबणारे कॅन आपल्याच गाडीवर आदळू लागतात. अशा जागी ऑनिंग उघडायचे तर समोर बसून राहावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

फडफड कमी करण्यासाठी कापडाची बाजूची कड आणि आडवा दांडा यांना एकत्र धरणारे चिमटे मिळतात. ते अवश्य लावावेत. चिमट्याच्या जबड्याला रबर असावे, नाहीतर ओलसर कापडावर तो घसरतो आणि घासून भोक पाडतो. रुंद ऑनिंगला मध्ये एक आधाराचा दांडा दिला तर कापडाला झोळ पडत नाही.

झोळाचा विषय निघालाच आहे, तर पावसाबद्दलही सांगतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमच्या दहा चौरस मीटरवर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर शंभर लिटर पाणी येते, आणि त्यातले निम्मे जरी झोळात साचले तरी मधोमध पन्नास किलोचे ओझे लोंबू लागते. त्यात वारा आला की ते पाणी एका कडेकडून दुसरीकडे धावते आणि दांडे पिळवटून टाकते. म्हणून एक कोपरा नेहमीच चांगला ठसठशीत खाली ठेवावा. थोडासा कल डोळ्याला दिसतो, पण कापड ताणले गेल्यावर पाण्याला पुरत नाही.

पाऊलखुणा

दोरखंड, आपल्या सूचना उपयुक्त आहेत, पण एक शंका आहे. मेख आणि दोर भक्कम असले की उचलीचा भार कापड आणि भिंतीवरची पट्टी यांच्यावर जाणार. मग उपटणाऱ्या मेखेऐवजी फाटणारी भिंत आपण पदरात पाडून घेत नाही का?

दोरखंड

पाऊलखुणा, ही शंका रास्त आहे. सगळी साखळी भक्कम केली तर तुटायला भिंतच उरते. म्हणूनच मधली स्प्रिंग आणि बेताचा ताण यांवर माझा भर आहे, आणि म्हणूनच बांधलेले ऑनिंग सोडून कोणी गावात जाऊ नये असे मला वाटते. स्प्रिंग सतत पूर्ण ताणलेली दिसू लागली तर आता मेख वाढवायची वेळ नसून कापड गुंडाळायची वेळ आली आहे, असे समजावे.

मोटारघर

वरची चर्चा हाताने उघडण्याच्या ऑनिंगची आहे. विजेवर चालणारे ऑनिंग असलेल्यांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगणे आवश्यक आहे. आपोआप मिटणारे ऑनिंग जमिनीला कधीही बांधू नये. वारा ओळखणाऱ्या सेन्सरने आज्ञा दिली की मोटर कापड आत ओढू लागते आणि दोर त्याला बाहेर धरून ठेवतो. मग मोटरचे गिअर जातात, दांडे वाकतात किंवा कापड रोलरवर तिरके गुंडाळले जाते. दांड्यांना लावलेले चिमटेही याच कारणासाठी काढून ठेवावेत. बांधायचेच असेल तर आधी सेन्सर बंद करावा आणि मग जबाबदारी पूर्णपणे आपल्यावर आली हे ध्यानात ठेवावे.

सेन्सर दोन प्रकारचे असतात. एक फिरत्या वाट्यांनी वाऱ्याचा वेग मोजतो. दुसरा ऑनिंगच्या पुढच्या पट्टीत बसतो आणि तिचा हादरा मोजतो. आरव्हीवर दुसऱ्या प्रकारचा अधिक दिसतो. त्याची संवेदनशीलता कमीजास्त करता येते. वाऱ्याच्या साध्या झुळकीनेही ऑनिंग मिटते म्हणून वैतागून लोक ती सर्वांत खालच्या पातळीवर नेतात, आणि नेमक्या हव्या त्या वेळी सेन्सर गप्प राहतो. ती मधल्या पातळीवर ठेवून पट्टी हाताने हलवून पाहावी आणि ऑनिंग खरोखर मिटते का याची खात्री करावी.

सेन्सर चांगला असला तरी हादरा ओळखल्यानंतर कापड पूर्ण आत यायला अर्धा-पाऊण मिनिट लागते, आणि जोरदार झोताला तेवढा वेळ लागत नाही. शिवाय सगळा कारभार १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. बॅटरी उतरली, फ्यूज गेला किंवा मुख्य स्विच बंद राहिला तर सेन्सर असून नसल्यासारखाच. पुष्कळ ऑनिंगांना मोटर चालत नसताना हँडलने किंवा ड्रिलने मिटण्याची सोय असते. ती जागा कुठे आहे, कोणते टोक लागते आणि किती वेळ फिरवावे लागते, हे शांत हवेत एकदा प्रत्यक्ष करून पाहावे. अंधारात, शिडीवर उभे राहून माहितीपुस्तिका चाळण्याची वेळ कोणावर येऊ नये.

रानवाट

सर्वांचे मनापासून आभार. आता बांधून निर्धास्त राहण्याचा विचार मी सोडून दिला आहे. मात्र एक प्रश्न उरतो. वारा सुटल्यावर, म्हणजे कापड आधीच फडफडत असताना, हाताने उघडण्याचे ऑनिंग सुरक्षितपणे गुंडाळायचे कसे? घरात आम्ही दोघेच असतो.

जुना कारागीर

रानवाट, दुरुस्तीच्या कामात मी जी ऑनिंग पाहतो त्यांतली बरीचशी वाऱ्याने नव्हे, तर वाऱ्यात घाईने मिटताना बिघडलेली असतात, त्यामुळे तुमचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. दोघे आहात ते पुरेसे आहे. एकट्याने मात्र हे काम भर वाऱ्यात करू नये.

सर्वप्रथम खालची खुर्च्या-टेबले बाजूला करा आणि समोर जाळीचा पडदा लावला असेल तर तो काढा. जाळीतून वारा जातो असे वाटते, पण तीही बराच वारा अडवते आणि तिचा सगळा भार रोलरवर येतो. मग दोघांनी एकेक दांडा धरून, दोर अजून बांधलेलेच असताना, दोन्ही बाजू आळीपाळीने एकेक खाच करत शक्य तितक्या खाली आणा. एकच बाजू एकदम खाली आणली तर दुसऱ्या टोकाखाली वारा शिरतो. रोलर खाली आला की कापडाखाली शिरणारा वारा कमी होतो आणि निम्मी लढाई तिथेच संपते.

यानंतर झोत ओसरण्याची वाट पाहा. वारा श्वास घेतल्यासारखा थांबत थांबत येतो आणि दोन झोतांमध्ये थोडी उसंत मिळते. त्या उसंतीत दोर आणि चिमटे सोडा, आडव्या दांड्यांच्या मुठी सैल करा आणि रोलरच्या टोकाची कळ गुंडाळण्याच्या दिशेला फिरवा. कळ फिरवताना मधला ओढपट्टा हातात घट्ट धरलेला असलाच पाहिजे, कारण रोलरमध्ये पिळलेली स्प्रिंग असते आणि कापड हातातून सुटले तर ती रोलर भिंतीवर जोराने आदळवते. पट्टा मनगटाभोवती गुंडाळू नका. एकाने पट्टा धरून कापड सावकाश आत जाऊ द्यावे आणि दुसऱ्याने दांडे धरून त्यांना सरळ ठेवावे. मध्येच झोत आला तर ओढाताण न करता होते तिथे धरून थांबावे, झोत गेला की पुढे चालू करावे. कापड एका बाजूला चढत चालले आहे असे दिसले तर हातभर परत उलगडून पुन्हा गुंडाळा. तिरके गुंडाळलेले कापड टोकाला सुटे राहते आणि गाडी चालताना वारा तिथूनच आत शिरतो.

झोत इतका जोराचा असेल की दोघांनाही दांडे आवरत नाहीत, तर बाजूला व्हा. उलटणारा रोलर माणसाच्या डोक्याच्या उंचीवरूनच जातो. कापड आणि ॲल्युमिनियम नवे घेता येते.

ओले कापड गुंडाळावे लागले तरी चालेल, फक्त वारा पडल्यावर एक-दोन दिवसांच्या आत ते पुन्हा उघडून पुरते वाळवा. व्हायनिलच्या कापडावर पाणी आत झिरपत नाही, पण घड्यांत अडकलेल्या ओलीने बुरशी धरते. ॲक्रिलिकचे विणलेले कापड लवकर सुकते, पण ओले असताना जड आणि सैल होते. दोन्ही प्रकारांत उन्हाने आधी शिवणीचा दोरा कुजतो आणि मग कापड. कडेची शिवण नखाने हलकेच खरवडून पाहा. दोऱ्याची पूड हाताला लागली तर ती शिवण पुढच्या झोताला उसवेल, तेव्हा आधीच दुसरी मारून घ्या.

मुक्कामपोस्ट

एवढी चर्चा झाली, पण गाडी उभी कशी करावी हे कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे लिहितो. जागा निवडण्याची मुभा असेल तर गाडीची ऑनिंगविरुद्धची बाजू वाऱ्याकडे करावी, म्हणजे गाडीच आडोसा होते. तरीही छताची कड ओलांडून येणारा वारा पलीकडे भोवरे करतो आणि कापडाला वरून शोषून घेतो. त्यामुळे आडोशाला आहोत म्हणून ऑनिंग पूर्ण उंचीवर ठेवू नये. दोन मोठ्या गाड्यांमधली किंवा इमारत आणि गाडी यांच्यामधली अरुंद जागा निवांत वाटते, पण वारा त्या चिंचोळ्या वाटेत शिरला की वेग धरतो.

प्रवासातही ऑनिंगला वारा लागतो हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. ताशी ८० किलोमीटरने जाताना बाजूचा वारा आला किंवा मोठा मालट्रक शेजारून गेला की गुंडाळलेला रोलर हळूहळू सुटू लागतो. निघण्यापूर्वी कळ, मुठी आणि कुलपाच्या पिना तपासाव्यात आणि उभ्या दांड्यांभोवती एकेक भक्कम वेल्क्रोचा पट्टा आवळावा. गाडीच्या भिंतीतून बाहेर सरकणाऱ्या खोलीवर छोटे कापड असेल तर त्याचीही हीच काळजी घ्यावी.

वातकुक्कुट

आणखी एक मुद्दा विम्याचा. ऑनिंग हे सावलीसाठी आहे, वारापावसात उघडे ठेवू नये, असे बहुतेक निर्माते माहितीपुस्तिकेत लिहितात आणि वाऱ्याने झालेले नुकसान हमीतून वगळतात. आपल्या विम्यात ते धरले आहे का, आणि गाडीपाशी कोणी नसताना झालेले नुकसान वगळले आहे का, हे मुक्कामाला निघण्याआधी वाचून घ्यावे.

रानवाट

सर्व सूचना टिपून घेतल्या आहेत. आज सगळे जोड तपासताना असे दिसले की डाव्या बाजूच्या आडव्या दांड्याला मधोमध किंचित बाक आला आहे आणि तो सरकताना एका जागी अडकतो. शिवाय भिंतीवरच्या खालच्या ब्रॅकेटभोवती भरलेल्या सीलंटला केसाएवढी चीर गेली आहे. दांडा घरीच ठोकून सरळ करता येईल का?

जुना कारागीर

दांडा ठोकून सरळ करू नका. ॲल्युमिनियमची पोकळ पट्टी एकदा वाकून परत सरळ केली की त्या जागी तिचा जोर कमी होतो आणि पुढच्या वेळी ती तिथेच दुमडते. त्याच मापाचा दांडा बदलून घ्या. तोवर ऑनिंग उघडू नका, कारण अडकणारा दांडा घाईच्या वेळी मिटणारच नाही.

मला दांड्यापेक्षा त्या चिरेची काळजी अधिक वाटते. चीर पडली याचा अर्थ ब्रॅकेट हललेले आहे. स्क्रू काढून आतले लाकूड सुईने टोचून पाहा. सुई सहज आत गेली तर लाकूड कुजले आहे आणि नुसता जाड स्क्रू घालून उपयोग नाही. तेवढा भाग कापून नवे लाकूड बसवावे लागेल. लाकूड टणक असेल तर जुने सीलंट पूर्ण खरवडून, भोके कोरडी करून, नव्या सीलंटसह स्क्रू पुन्हा बसवा. उजव्या बाजूचे ब्रॅकेटही त्याच वेळी उघडून पाहा. त्याने तेवढाच वारा सोसला आहे.